अंधाऱ्या पाखातला गुरुवार

तुमच्या घरात बाई पोटुशी राहिली की तिचे दिवस कोण मोजतं? खरं सांगा. तुम्ही मोजता, का सासू मोजते, का दवाखान्याच्या कार्डावर कोणीतरी तारीख लिहून दिलेली असते आणि ते कार्ड ट्रंकेत साड्यांखाली पडलेलं असतं? उत्तर येत नसेल तर लाजू नका, पण उठूनही जाऊ नका. रायपुरात अंजनाबाई वैरागडे नावाची एक बाई आहे. तिनं बावीस वर्षं लोकांच्या लेकीसुनांचे दिवस मोजले आणि एकदाही चुकली नाही. चुकली ती पोटच्या पोरीच्या वेळी.

अंजनाबाई मूळची तुमसरकडची. सतराव्या वर्षी नरहरीच्या मागं रायपुरात आली. नरहरी रेल्वेत खलाशी. घर रेल्वेलाइनीपलीकडच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, जिथं दहा घरं छत्तीसगढी तर एक आपलं मराठी. सासूच्या हाताखाली ती बाळंतिणीला न्हाऊ घालणं, शेक देणं, लेकराला मांडीवर उताणंपालथं करून तेल जिरवणं शिकली. नवऱ्याशी मराठी, बाजारात हिंदी, पाऱ्यात छत्तीसगढी. तीस वर्षांत जीभ अशी मुरली की ‘हो’च्या आधी ‘हव’ यायचं तोंडात. नरहरी चिडवायचा, "तुले आता तुमसरले नेलं तं लोक विचारतीन, ही कोनाची परदेशी बाई आनली."

"तुम्ही नेऊन तं पाहा," ती म्हणायची. "तीस वर्षांत एकदा तरी सोताहून नेलं का?"

मग छत्तीसगढचं वेगळं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झालं. लाल दिव्यांच्या गाड्या आल्या, चौकाचौकात फलक लागले, समता कॉलनीत घराघरांच्या खालच्या खोल्यांत दवाखाने निघाले. तशाच एका खोलीत इंदू दीदी ॲक्युप्रेशर शिकवायच्या. दीदी डॉक्टर नव्हत्या, तसं त्यांनी कधी म्हटलंही नाही. भिंतीवर तळपायाचं मोठं रंगीत चित्र, समोर सतरंजीवर वीस-पंचवीस शिकलेल्या बाया वह्या घेऊन बसलेल्या. अंजनाबाईला तिथं ठेवलं होतं सतरंजी झाडायला आणि ज्यांची पाठ धरली त्यांना तेल चोळायला. वही तिच्याकडं नव्हतीच. ती दाराशी उभी राहून बघायची आणि घरी येऊन नरहरीच्या पायावर करून पाहायची.

नरहरी म्हणायचा, "मले काय दिवस गेले? माझा पाय सोड."

वर्षभरात वहीवाल्या बाया सगळं विसरल्या. अंजनाबाईच्या अंगठ्यात ते जाऊन बसलं. दीदींच्या पुस्तकात जागांना आकडे होते, हिनं आपली नावं दिली. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला हाताचा मांसल भाग, ती ‘चिमटी’. पायाच्या आतल्या घोट्यावर चार बोटं ठेवून जिथं हाड संपतं ती ‘चौबोटी’. कमरेखाली, माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना खळगे असतात, ते ‘कमरेचे डोळे’. दीदींनी तिला एक गोष्ट पहिल्याच दिवशी बजावली होती. कमरेचे डोळे बाळंतपणात दुखणं हलकं करायला दाबतात, ते कळा सुरू झाल्यावर खुशाल दाब. पण चिमटी आणि चौबोटी या कळा आणायच्या जागा म्हणतात. दिवस भरल्याशिवाय गरोदर बाईच्या त्या जागांना हात लावायचा नाही. अंजनाबाईनं ते कुलूपच मानलं. पाऱ्यातल्या कोणी पोरी पाय दुखतात म्हणून यायच्या, तर ही आधी विचारायची, "पेट से तो नहीं है ना?" हो म्हटलं की घोट्याच्या वर बोटही नाही.

चौबोटीनं कळा खरंच येतात का, हे विचाराल तर ती स्वतःच म्हणायची, "येतात कधी कधी. आणि कधी ज्या यायच्याच होत्या त्या येतात. मी काय आत जाऊन पाहिलं?" पण कमरेच्या डोळ्यांबद्दल तिला शंका नव्हती. कळ चढायला लागली की दोन्ही अंगठे रोवायचे, कळ उतरली की सोडायचे. बाईच्या श्वासाबरोबर तिचाही श्वास चालायचा. शेजारच्या सरलाची सून अभनपुरची, पहिल्याच बाळंतपणाला आरडून पारा गोळा करत होती. अंजनाबाई मागं बसली आणि अर्ध्या तासात ती सून दोन कळांच्या मधे डुलक्या घ्यायला लागली. सरला म्हणाली, "काकी, तोर अंगठा म बिजली हे का?"

"बिजली होती तो बोर्ड ने मीटर बिठाया होता," अंजनाबाई म्हणाली.

नावामागं अक्षरं लावून कोणी हे केलं असतं तर त्याला विद्या म्हटलं असतं. हिनं केलं म्हणून मोठ्या दवाखान्यांत ती ‘वो मालिशवाली’ राहिली. बाई आत टेबलावर ओरडायची आणि जिच्या हातानं तिला आराम पडला असता ती बाहेर बाकड्यावर पिशव्या सांभाळत बसायची. राजधानी झाली, पण कळा देणाऱ्या बाईच्या कमरेवर हात ठेवायला माणूस नेमावा असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. असो.

दिवस मोजायची तिची रीत अशी. स्वयंपाकघरात चुलीच्या वर एक खिळा होता. ज्या बाईचं बाळंतपण तिच्याकडं आलं, तिच्या नावाची एक सुती दोरी त्या खिळ्याला. पाळी कोणत्या तिथीला आली ते विचारायचं, आणि मग दर पुन्नीला, म्हणजे पौर्णिमेला, एक गाठ मारायची. पुन्नीलाच का, तर रायपुरात महिना पुन्नीला संपतो. नऊ गाठी पडल्या, पुन्नीपासून पाळीच्या तिथीपर्यंतचे वरचे दिवस आणि त्यावर नऊ दिवस झाले की भरले. लिहिणं-वाचणं नको, चष्मा नको. बावीस वर्षांत शंभरावर दोऱ्या त्या खिळ्यावरून उतरल्या होत्या आणि प्रत्येक दोरी तिनं त्या-त्या लेकराच्या पाळण्याला बांधली होती.

राज्य होऊन दोन वर्षं झाली त्या उन्हाळ्याच्या तोंडावर रूपालीचा फोन आला. रूपाली अंजनाबाईची एकुलती एक. लग्न होऊन तुमसरकडच्याच पवनीला गेलेली. नवरा निरंजन तिथं शाळेत मास्तर. फोन सरलाच्या घरी होता. अंजनाबाई कणकेच्या हातानंच धावली.

"आई, मले दिवस गेले."

अंजनाबाईनं हाताची कणीक पदराला पुसली. मग तिनं तेच विचारलं जे ती सगळ्यांना विचारायची. "बाहेर कधी बसली होती?"

"मार्गशीर्षात. अंधाऱ्या पाखातला गुरुवार होता. गुरुवारची पूजा मांडली होती नं, सासूबाईंनं मले बाजूला बसवलं. त्याच्यानं याद आहे."

"बस, समजलं," अंजनाबाई म्हणाली.

तिला खरंच समजलं असं वाटलं. मार्गशीर्ष म्हणजे इथला अगहन. अगहनातल्या गुरुवारी पाऱ्यात दारोदारी तांदळाच्या पिठाच्या रांगोळ्या, म्हणजे चौक, काढतात, लक्ष्मीची पावलं काढतात. तीस वर्षं ती सरलाबरोबर ते काढत आली होती. रूपालीही लहानपणी पिठानं हात पांढरे करून तिच्या मागंमागं पावलं उमटवायची. अंजनाबाईनं घरी येऊन नवी दोरी घेतली आणि मागच्या पुन्नींच्या गाठी एकदम मारल्या. मग दर पुन्नीला एक. इतक्या दोऱ्या बांधल्या, पण ही बांधताना ती गाठ दातानं आवळायची.

पहिलं बाळंतपण माहेरी. आषाढात निरंजन रूपालीला सोडून गेला. पिशव्या उघडल्या तेव्हा कळलं की पवनीच्या दवाखान्याचं कार्ड तिकडंच राहिलं. त्या कार्डावर निरंजननं स्वतःच्या अक्षरात पाळीची इंग्रजी तारीख लिहिली होती. रूपालीची सासू शांताबाई फोनवर म्हणाली, "कागद कशाले पाहिजे? तुम्हीच तं दवाखाना आहात." अंजनाबाईला हे ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, छाती फुगली तिची. कार्ड ट्रंकेतच राहिलं.

पाऱ्यात सुई टोचायला येणाऱ्या नर्सबाईनं रूपालीच्या पोटाला टेप लावला आणि म्हणाली, "अम्मा, पेट छोटा है. अभी टाइम दिख रहा है."

"हमारी काठी ही छोटी है, बहनजी," अंजनाबाई म्हणाली. "मैं खुद आखिर तक ऐसी थी, किसी को पता नहीं चला."

नर्सबाई हसली. तिला त्या दिवशी अजून चाळीस घरं करायची होती. सोनोग्राफी करून घ्या म्हणून ती सांगून गेली. करू, करू म्हणता राहिली.

राखीला नववी गाठ पडली. भादोत, म्हणजे भाद्रपदात, तीजा आला, आपली हरतालिका. तीजाला इथल्या सगळ्या लग्न झालेल्या पोरी माहेरी येतात. पारा नुसता पोरींच्या हसण्यानं भरून जातो. रूपाली त्यांच्यात बसून बेसनाची ठेठरी खात होती. सरलानं तिच्या पोटाकडं बघून अंजनाबाईला विचारलं, "काकी, कब?" आणि अंजनाबाईनं बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. त्या दिवशी नऊ महिने नऊ दिवस भरत होते.

दुसऱ्या दिवशी गणपती बसले. त्याच दुपारी शांताबाईचा फोन. "विहीणबाई, दहा दिवसांत पितृपक्ष लागते. पयलं लेकरू त्याच्यात नको व्हायले. तुमच्या हातात तं आहे, पाहा जरा."

आता कोणी म्हणेल, सासूचा दोष. मी म्हणत नाही. त्या बाईनं जे ऐकलं होतं ते ती बोलली. अंजनाबाईला पितृपक्षाचं फारसं नव्हतंच. तिला भीती दुसरी होती. दिवस भरून वर गेले की दवाखान्यात पोट कापतात, हे तिनं बाकड्यावर बसून बसून पाहिलं होतं. रूपाली अंगानं काडी. तिच्या पोटावर ती रेघ नको, एवढंच तिच्या मनात होतं.

"आई," रूपाली म्हणाली, "मले वाटते अजून दिवस आहेत. लेकरू खाली आल्यासारखं वाटूनच नाही राहिलं."

"पयल्या खेपेले काही समजत नाही, बाई. मी मोजलं नं."

"तू मोजलं तं झालं मंग," रूपाली म्हणाली आणि पाय आईच्या मांडीवर ठेवला.

फोनच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. अंगणात पाटावर ऊन आलं होतं. अंजनाबाईनं नखं काढली, तिळाचं तेल कोमट केलं, आतल्या घोट्यावर चार बोटं ठेवली आणि अंगठा रोवला. सोडला. परत रोवला. मग दुसरा पाय, मग हाताची चिमटी. दीदींनी बजावल्यापासून जे कुलूप तिनं कधी वेळेआधी उघडलं नव्हतं ते त्या सकाळी उघडलं, आणि तिच्या हिशेबानं ते वेळेवरच होतं. दुपारी एकदा केलं, दिवेलागणीच्या आधी एकदा. मधे नरहरी म्हणाला, "पोरीचे पाय का मुरब्ब्यासाठी पिळून राहिली?" तिघंही हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, केर काढता काढता, रूपालीची पाणमोट फुटली.

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांना तीन तास थांबावं लागलं. ते तीन तास अंजनाबाईला अजून पाठ आहेत. रूपाली भिंतीला हात टेकून उभी, ही मागं उकिडवी, दोन्ही अंगठे कमरेच्या डोळ्यांत. कळ आली की रूपाली फक्त एवढंच म्हणायची, "तिथंच. सोडू नको." येणारेजाणारे बघायचे. एका आयानं ओरडून विचारलं, "ऐ मालिशवाली, ये क्या चल रहा है?" रूपालीनंच उत्तर दिलं, "माँ है मेरी." मग तिला आत नेलं आणि दार लागलं. अंजनाबाईचे अंगठे बाहेर राहिले.

मुलगी झाली. पावणेदोन किलोची. कातडीवर अजून लव होती, कानाची पाळी कागदासारखी मऊ. रडली, पण ते रडणं छातीच्या वर वर होतं. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायच्या. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "पैंतीस हफ्ते की लग रही है. इतनी जल्दी कैसे हो गया?"

"जल्दी नहीं," अंजनाबाई म्हणाली. "नौ महीने नौ दिन पूरे हैं. मैंने गिना है."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं, भांडल्या नाहीत. रूपालीच्या खाटेशी जाऊन विचारलं, "बेटा, आखिरी महीना कब आया था? तारीख याद है?"

रूपाली थकलेली होती. डोळे मिटूनच म्हणाली, "तारीख... क्रिसमस की छुट्टी थी. ये घर पर थे, स्कूल बंद था. क्रिसमस का दूसरा दिन. गुरुवार था."

डॉक्टरीणबाई कागदावर आकडे मांडायला लागल्या. अंजनाबाई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. नाताळ. नाताळात तर अगहन संपलेला असतो. त्या वर्षी अगहनाची पुन्नी नाताळच्या आठवडाभर आधीच होऊन गेली होती. तिनं आणि सरलानं मिळून शेवटचा चौक काढला होता, तिला आठवत होतं.

"रूपाली," ती म्हणाली, "अगहन तं पुन्नीलेच संपला होता नं?"

रूपालीनं डोळे उघडले. "तुमचा संपला असन. आमच्याकडं मार्गशीर्ष अमोशेपर्यंत असते. अंधारा पाख मागून येते, आई."

एवढंच. इथल्या लोकांचा महिना अंधाऱ्या पाखानं, म्हणजे वद्य पंधरवड्यानं, सुरू होतो, मराठी महिना अंधाऱ्या पाखानं संपतो. उजेडा पाख दोघांचा एकच, म्हणून सण जुळतात आणि म्हणून कधी कोणाच्या ध्यानात येत नाही. पण अंधाऱ्या पाखातली तिथी पकडली तर दोघांमधे अख्खा एक महिना पडतो. अंजनाबाई मराठी बाई. लहानपणी तुमसरला तिची आई अमावस्येलाच महिना संपवायची. इतक्या वर्षांत ते तिच्या आतून कधी पुसलं गेलं, तिलाच कळलं नाही. शंभर छत्तीसगढी पोरींच्या तिथी तिनं बरोबर वाचल्या. तिला आपल्या भाषेत तिथी सांगणारी पहिली पोरगी तिची स्वतःची होती, आणि ती तिनं परक्या महिन्यात मोजली.

पहिली गाठ तिनं ज्या पुन्नीची मारली होती, त्या पुन्नीला रूपालीची ती पाळी आलीसुद्धा नव्हती.

पोरगी तीन दिवस होती. निरंजन दुसऱ्या दिवशी पवनीहून आला. येताना ते कार्ड घेऊन आला. आता त्याचा काय उपयोग होता, पण माणसाला हातात काहीतरी लागतं. तो काचेशी उभा राहून पोरीकडं बघायचा आणि कार्ड घडी करायचा, उलगडायचा. नाव ठेवायचं राहिलं. पेटीवर चिठ्ठी होती, ‘रूपाली का बेबी’. तिसऱ्या दिवशी दुपारी ती चिठ्ठी नर्सनं काढली. बाहेर रस्त्यावर गणपतीचे ढोल चालले होते. कोणी थांबवले नाहीत, आणि थांबवायला त्यांना माहीत कुठं होतं.

अंजनाबाई घरी आली ती सरळ खिळ्याशी गेली. दोरी काढली आणि पहिली गाठ सोडवायला बसली. तेलकट हातांनी मारलेली, दातानं आवळलेली गाठ. नखं तर तिनं काढून टाकलेली. नरहरी म्हणाला, "राहू दे आता." तिनं सोडलं नाही. शेवटी नरहरीनं तिच्या हातातून दोरी घेतली आणि आपल्या खिशात ठेवली. ती दोरी पुढं त्यानं कुठं ठेवली हे तिनं कधी विचारलं नाही.

महिन्यानं ती इंदू दीदींकडं गेली. सतरंजी झाडली नाही, बसलीही नाही. दाराशी उभी राहिली, पहिल्यासारखी.

"दीदी, मेरे दबाने से हुआ?"

दीदींना खोटं बोलून तिला मोकळं करता आलं असतं. त्या म्हणाल्या, "पता नहीं, अंजना. कितनों को दबाते हैं, कुछ नहीं होता. शायद बिना दबाए भी हो जाता. शायद नहीं होता. कोई नहीं बता सकता."

लोकांना वाटतं की ‘सांगता येत नाही’ म्हणजे सुटका. जाऊन त्या बाईला विचारा. दोष पक्का असता तर तिनं तो एकदाच गिळला असता. हा रोज नव्यानं घशात येतो. भाजी चिरताना, नळावर, कोणाचं तान्हं लेकरू दिसलं की, तिचा अंगठा आपोआप आत मुठीत जातो.

रूपालीनं आदळआपट केली नाही. केली असती तर बरं झालं असतं. सव्वा महिना ती आईच्या घरी राहिली, आईच्या हातचं खाल्लं, पण अंगाला तेल स्वतः लावलं. जाताना रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आई, तू एवढंच विचारायचं होतं. तुझा महिना का माझा."

अंजनाबाईनं मान हलवली.

दोन वर्षांनी सरलाच्या घरी फोन वाजला. निरंजन होता. "आत्याबाई, मुलगा झाला. दोघंही बरी आहेत. आठ दिवस झाले." दिवस गेलेत हेही तिला कोणी कळवलं नव्हतं. तिनं फोन दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, "दिवस भरले होते नं?" निरंजन म्हणाला, "हो, पूर्ण." ती म्हणाली, "बस मंग." घरी येऊन तिनं शेजाऱ्यांना साखर वाटली. तिच्या तोंडाकडं बघून कोणी दुसरी चिमूट मागितली नाही.

मधल्या काळात पाऱ्यातल्या बाया येतच होत्या. ती दार लावून घ्यायची. सरलाच्या सुनेचं दुसरं बाळंतपण आलं तेव्हा सरला दारासमोर बसूनच राहिली. म्हणाली, "काकी, तीन गली ले ओकर आवाज सुनावत हे. तोर दुख हे, मानथंव. फेर ओकर कमर के का गलती हे?" त्या कमरेचा काय दोष, हे ऐकून अंजनाबाई उठली. पण जाण्याआधी तिनं विचारलं, दवाखान्यानं तारीख काय दिली आहे? कागद दाखव. सरलाला कागद शोधायला पाव तास लागला. तो पाव तास ती उंबऱ्यात उभी राहिली, हलली नाही. मग दवाखान्यात त्या पोरीच्या मागं सहा तास बसली. फक्त कमर. चिमटीला आणि चौबोटीला तिनं त्या सकाळनंतर आजवर हात लावलेला नाही, दिवस भरलेले असोत की नसोत.

त्यानंतर ती गोल बाजारात गेली आणि मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर घेऊन आली. चुलीवरच्या त्याच खिळ्याला लावलं, शेजारी लाल पेन्सिल दोरीनं बांधली. आता पाऱ्यातल्या पोरी पाळी आली की येतात आणि स्वतः त्या आकड्यावर खूण करतात, शेजारी आपलं नाव. ज्यांना नाव लिहिता येत नाही त्या चांदणी, मासा, कंगवा काढतात. तिथी कोणी सांगायला लागलं की अंजनाबाई हात आडवा करते. "तिथी भगवान के पास रखो. मेरे को आकडा बताओ." आणि दिवस गेले की ती पोरीला त्या आकड्यासकट दवाखान्यात पाठवते, पोट मशीननं बघून घ्यायला. दाबणं नंतर.

गेल्या तीजाला रूपाली आली, पहिल्यांदाच मुलाला घेऊन. पोरगा दिवसभर गल्लीत पळाला आणि पाय दुखतात म्हणून रडायला लागला. अंजनाबाईनं तेलाची वाटी घेतली, त्याचे पाय मांडीवर ओढले. रूपाली स्वयंपाकघरातून आली. वाटी आईच्या हातातून हळूच काढून घेतली. "राहू दे, आई. मी लावते."

अंजनाबाईनं पदराला हात पुसले. आत जाऊन चहा ठेवला. रूपाली मागोमाग आली आणि कॅलेंडरासमोर उभी राहिली. चांदण्या, मासे, कंगवे, दहा-बारा नावं.

"याच्यात माझं नाव नाही," ती म्हणाली.

"तू मले आकडा सांगितलाच नाही."

रूपालीनं लाल पेन्सिल हातात घेतली. टोकावर अंगठा फिरवला. चहा उतू जायला आला तशी अंजनाबाई चुलीकडं वळली, आणि ती परत वळली तेव्हा पेन्सिल दोरीला लटकून हलत होती. आकड्यांवर नवी खूण नव्हती.

आता तुम्ही. पहिल्या ओळीत जे विचारलं त्याचं उत्तर अजून दिलं नाहीत. तुमच्या घरात, वस्तीत, नात्यात जी पोरगी पोटुशी असेल, तिच्याकडं आजच जा. तिथी, सण, वार काही विचारू नका; इंग्रजी तारीख विचारा, भिंतीवर तिच्या हातानं लिहून घ्या आणि ते कार्ड ट्रंकेतून बाहेर काढा. ती तारीख दवाखान्यात पक्की होईपर्यंत कोणालाही तिच्या पायाला हात लावू देऊ नका, तो हात आईचा असला तरी. आणि कळा सुरू झाल्या की तिला भिंतीशी एकटी उभी करू नका. तिच्या मागं बसा, दोन्ही अंगठे कमरेत रोवा, आणि ती म्हणेपर्यंत सोडू नका.